रोबोटिक्स स्पर्धांची वयोमर्यादा : कुठे १४, कुठे १६. हे न्याय्य आहे का?

गियरबॉक्स
नमस्कार. शाळकरी मुलांच्या एका रोबोटिक्स संघाला मी मार्गदर्शन करते. आमचा संघ फर्स्ट लेगो लीग या लेगोच्या रोबोटांच्या स्पर्धेत चॅलेंज गटात उतरतो. या गटाची वयोमर्यादा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको येथे ९ ते १४ वर्षे आहे, तर उर्वरित जगात ती ९ ते १६ वर्षे आहे. आम्ही दुसऱ्या प्रकारात मोडतो. आपल्या प्रदेशात सर्वांना एकच नियम लागू असल्यामुळे या फरकाचा विचार करण्याची वेळ आजवर आली नव्हती. आता मात्र संघाला एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण मिळाले आहे आणि तिथे दोन्ही प्रकारच्या प्रदेशांतील संघ एकाच निकालपत्रावर येतील. आमच्या संघातील दोन मुलींनी पंधरा वर्षे पूर्ण केली आहेत. त्यांच्यासह जाणे नियमाला धरूनच आहे, याविषयी शंका नाही. परंतु एका पालकांनी बैठकीत सरळ विचारले, की समोरच्या संघात सर्वांत मोठे मूल चौदा वर्षांचे असेल, तर आपल्या विजयाला काय अर्थ उरतो?

माझे प्रश्न दोन आहेत. हा प्रादेशिक फरक मुळात का ठेवला असावा? आणि सगळे एकत्र येतात तिथे तरी तो काढून टाकावा का?

चाकोरी
नियमात बसत असेल तर जावे. पालकांच्या बैठकीत प्रश्न निघणारच, ते काही वयोमर्यादेवर अवलंबून नसतात.

निळासर
पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. मी स्वतः चौदाच्या मर्यादेच्या प्रदेशात या स्पर्धेत खेळलो आहे, त्यामुळे तिथून हे चित्र कसे दिसते ते सांगता येईल.

चॅलेंज हा गट एकटा उभा नाही, तो एका शिडीची पायरी आहे. त्याच्या वर फर्स्ट टेक चॅलेंज आहे, ज्यात साधारण १२ ते १८ वर्षांची मुले असतात, आणि त्याही वर १४ ते १८ वर्षांच्या मुलांची फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन आहे. उत्तर अमेरिकेत या तिन्ही पायऱ्या दीर्घकाळ रुजलेल्या आहेत. सर्वांत वरची स्पर्धा तर १९९२ मध्ये, म्हणजे सर्वांत आधी सुरू झाली आणि लेगोची स्पर्धा १९९८ च्या सुमारास तिच्याखाली जोडली गेली. त्यामुळे तिथे चौदाव्या वर्षी मुलाला बाहेर काढले जाते, असे म्हणण्यापेक्षा वर ढकलले जाते असे म्हणणे योग्य ठरेल. अनेक देशांत मात्र लेगोची स्पर्धा आधी पोहोचली आणि वरच्या पायऱ्या पुष्कळ उशिरा आल्या, काही ठिकाणी तर अजून आलेल्या नाहीत. अशा ठिकाणी चौदाची मर्यादा लावली, तर पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातातील रोबोट काढून घेण्यापलीकडे काहीही साधत नाही. मला हेच त्या दोन वर्षांमागचे मुख्य कारण वाटते.

अक्षांश
निळासर यांच्या मुद्द्याला शाळांच्या रचनेची बाजूही जोडावी लागेल. अमेरिकेत हा गट इयत्ता चौथी ते आठवी असा सांगितला जातो, कारण तिथली मधली शाळा आठवीला संपते आणि संघ बहुधा शाळेचेच असतात. जर्मनीत माध्यमिक शिक्षणाचा पहिला टप्पा दहावीपर्यंत, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षापर्यंत चालतो. तिथे चौदाची रेघ मारली तर एकाच शाळेतील एकाच टप्प्याची मुले मधोमध दुभंगतील. ऑस्ट्रेलियात शालेय वर्षच जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत सुरू होते, तर स्पर्धेचे आव्हान, म्हणजे त्या हंगामाचे काम, ऑगस्टमध्ये जाहीर होऊन हंगाम पुढल्या एप्रिलपर्यंत रेंगाळू शकतो. तिथे इयत्तेचा निकष लावला तर मूल हंगामाच्या मध्यावरच पुढील इयत्तेत जाईल. जगभर लागू होईल असा निकष म्हणून इयत्ता चालत नाही, त्यामुळे वयाकडे यावे लागते, आणि वयाकडे आलो की कोणते वय, हा वाद सुरू होतो.

तिरकस
चौदा की सोळा, हा वाद माझ्या मते गौण आहे. मी पाहिलेल्या सर्वांत देखण्या रोबोटांची रचना बेचाळीस वर्षांच्या मुलांनी केलेली होती. त्यांच्यासाठी वरची मर्यादा कोणी ठरवणार आहे का?

शून्यांश
तिरकस, तुमच्या बेचाळीस वर्षांच्या मुलांना माझा नमस्कार सांगावा. त्यातले दोघे आमच्या इमारतीत राहतात.

गांभीर्याने सांगायचे तर या चर्चेत आकड्यांकडे थोडे बारकाईने पाहायला हवे. ९ ते १४ म्हणजे सहा वयांचा पट्टा झाला आणि ९ ते १६ म्हणजे आठ वयांचा. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या रोबोमिशन प्रकारात ८ ते १२, ११ ते १५ आणि १४ ते १९ असे तीन गट आहेत. तिथले पट्टे पाच-सहा वयांचे आहेत आणि ते मुद्दाम एकमेकांवर चढवलेले आहेत, म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला खालच्या गटात थोरला म्हणून किंवा मधल्या गटात धाकटा म्हणून खेळता येते. ते गट साऱ्या जगासाठी एकच आहेत. एकच मर्यादा ठेवणे अशक्य नाही, फक्त त्यासाठी गट वाढवावे लागतात, आणि गट वाढवले की टेबले, परीक्षक आणि स्वयंसेवक, सगळेच वाढवावे लागते.

दुसरे, वय कोणत्या तारखेला मोजतात याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये स्पर्धेच्या वर्षात मूल जे वय पूर्ण करणार असेल ते धरतात, त्यामुळे २०२४ च्या वरिष्ठ (१४ ते १९) गटासाठी जन्मवर्ष २००५ ते २०१० असावे लागत होते. ३१ डिसेंबर २००४ रोजी जन्मलेला मुलगा बाहेर आणि त्याच्यापेक्षा एका दिवसाने लहान असलेला आत. रोबोकप ज्युनियरमध्ये १ जुलै ही तारीख धरतात. आणि जिथे आव्हान जाहीर होण्याच्या वर्षातील १ जानेवारीला सोळा वर्षांपेक्षा मोठा नसावा असा निकष असतो, तिथे काय होते ते पाहा. २ जानेवारी २००८ चा जन्म असेल तर १ जानेवारी २०२५ रोजी मूल सोळा वर्षांचेच आहे. ऑगस्टमध्ये आव्हान येते तेव्हा ते सतरा वर्षांचे असते आणि पुढल्या एप्रिलमध्ये जागतिक स्पर्धेला उभे राहते तेव्हा अठरा पूर्ण झालेले असते. मर्यादा सोळाची, टेबलापाशी उभा अठरा वर्षांचा मुलगा, आणि नियमभंग कुठेही नाही.

चाकोरी
हे गणित मी कागदावर मांडून पाहिले. बरोबर आहे. मग चौदाच्या प्रदेशातही सोळा पूर्ण झालेले मूल निघू शकते.

शून्यांश
निकष तोच असेल तर निघू शकते. दोन्हीकडची रेघ सारखीच सरकते, अंतर मात्र दोन वर्षांचेच राहते.

समास
मी या गटात परीक्षक म्हणून काम केले आहे, त्यामुळे वयाचा फायदा नेमका कुठे होतो याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की स्पर्धा म्हणजे अडीच मिनिटांचा रोबोटचा खेळ. प्रत्यक्षात तो खेळ एकूण मूल्यमापनाच्या चौथ्या हिश्शाइतका आहे. रोबोटची रचना, नवकल्पनेचा प्रकल्प आणि मूलभूत मूल्ये (म्हणजे संघ एकमेकांशी कसा वागतो) हे उरलेले तीन भाग परीक्षकांच्या खोलीत ठरतात. त्या खोलीत संघाला साधारण अर्धा तास मिळतो आणि त्या अर्ध्या तासात सगळी मदार बोलण्यावर असते. टेबलावर पंधरा वर्षांच्या मुलाचा फायदा फार नसतो, कारण रोबोट तिथे स्वयंचलित धावतो आणि त्याच्या चाकाखाली आलेला धुळीचा कण कोणाचे वय विचारत नाही. खोलीत मात्र फरक दिसतो. थोरल्या मुलाला अनपेक्षित प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देता येते, शंका घेणाऱ्या माणसाकडे पाहून बोलता येते आणि आपण काय केले नाही हेही न घाबरता सांगता येते. आमच्या मूल्यमापन पत्रकात चार पायऱ्या असतात, वयाचा रकाना नसतो.

असे असूनही थोरली मुले असलेला संघ आपोआप जिंकतो, असे मला दिसलेले नाही. एका संघाचा रोबोट काळ्या रेषेवरून अजिबात न डगमगता जात असे. त्यांनी प्रोग्रॅमची छापील पाने टेबलावर मांडली होती. त्यातील एका गुणकावर बोट ठेवून मी विचारले, हा आकडा दुप्पट केला तर काय होईल? सगळ्यांच्या नजरा आपसूक सर्वांत उंच मुलाकडे वळल्या. त्याने उत्तर दिले नाही, शेजारच्या मुलीला कोपराने हलकेच ढोसले. ती फार तर दहा वर्षांची असावी. ती म्हणाली, "मग तो रेषेच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खाईल, आम्ही करून पाहिलंय, तेव्हा तो कडेला जाऊन आपटला होता." त्याच दिवशी दुसऱ्या एका संघाला मी असाच प्रश्न केला, तेव्हा तो भाग करणारा दादा आज आलेला नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या संघाचा प्रोग्रॅम अधिक चांगला होता. गुण पहिल्याला अधिक मिळाले.

गियरबॉक्स
समास, हा प्रसंग मी संघाला वाचून दाखवणार आहे. आमच्याकडेही सगळ्या नजरा एकाच दिशेने वळतात.

कडबोळे
माझे मत थोडे वेगळे आहे. समास यांच्यासारखे परीक्षक सर्वत्र नसतात. एकाच निकालपत्रावर दोन वयोमर्यादा चालवायच्या आणि मग परीक्षक समजून घेतील असे म्हणायचे, हे मला पटत नाही. प्रादेशिक स्पर्धेत प्रत्येकाने आपला नियम पाळावा, मात्र प्रदेश एकत्र येतात तिथे सर्वांत कमी मर्यादा सर्वांना लागू करावी. चौदा म्हणजे चौदा.

निळासर
कडबोळे, तसे केले तर एखादा संघ पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसह आपली प्रादेशिक स्पर्धा जिंकेल आणि बक्षीस म्हणून त्याला सांगितले जाईल, की ज्यांनी ती जिंकून दिली त्यांना मागे ठेवून या. पात्रता एका संघाने मिळवायची आणि प्रवास दुसऱ्याच संघाने करायचा! माझ्या पाहण्यात तरी एकत्रित स्पर्धांत प्रत्येक संघ आपल्या प्रदेशाच्या मर्यादेने आलेला असतो, आणि मी चौदाच्या बाजूने खेळलेला असूनही मला तेच अधिक योग्य वाटते. आमचा संघ हरला तेव्हा वयावरून आम्ही भरपूर कुरकुर केली. पुढच्याच हंगामात आम्ही टेक चॅलेंजमध्ये होतो आणि ज्यांच्यावर कुरकुर केली त्यांच्या प्रदेशात ती स्पर्धा नव्हती. ती मुले तिथेच थांबली.

अवकाशवेडी
मध्यम मार्ग सुचवते. संघाचे सरासरी वय काढावे आणि त्यानुसार गुणांत थोडी वाढ किंवा घट करावी.

तिरकस
मग प्रत्येक संघात नऊ वर्षांची तीन मुले केवळ सरासरी खाली आणण्यासाठी घेतली जातील आणि त्यांचे काम दिवसभर खुर्चीवर बसून वय कमी ठेवणे एवढेच असेल.

समास
तिरकस यांनी विनोदाने लिहिले असले तरी ही भीती खरी आहे. गुण ज्या गोष्टीवर ठरतात ती गोष्ट संघ लगेच जमवू लागतात. मुलांची संख्या दहापर्यंत चालते, त्यामुळे सरासरी हलवणे अवघड नाही.

सावकाश
या चर्चेत वरची मर्यादा म्हणजे थोरल्या मुलांनी धाकट्यांचा गैरफायदा घेऊ नये म्हणून केलेली सोय, असा सूर दिसतो. माझ्या घरातील अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. माझ्या मुलाची शाळा आजारपणामुळे मागे पडली. तो वर्गातील इतरांपेक्षा मोठा आहे आणि त्याचे सारे मित्र त्याच्याहून लहान आहेत. इयत्तेचा निकष असता तर तो त्यांच्याबरोबर खेळला असता. वयाच्या निकषाने तो बाहेर पडतो आणि वरच्या गटातील मुलांबरोबर त्याला जमत नाही. एका स्थानिक आयोजकांकडे चौकशी केली, तेव्हा जन्मदाखला पाहून दोन मिनिटांत नकार मिळाला, पुढचे ऐकून घेण्याचीही तयारी नव्हती.

व्हेक्स या दुसऱ्या रोबोटिक्स स्पर्धेच्या नियमांत याचा विचार केलेला आहे. तिथेही जन्मतारखेची मर्यादा आहेच, परंतु अपंगत्वामुळे शिक्षण किमान एक वर्ष लांबले असेल तर पात्रता देता येते, असे स्पष्ट लिहिलेले आहे. एकच ओळ आहे, पण ती नियमातच असल्यामुळे आयोजकाच्या मर्जीवर काही राहत नाही. मर्यादा चौदा ठेवा किंवा सोळा, अशी ओळ नसेल तर दोन्ही आकडे आम्हाला सारखेच.

कडबोळे
सावकाश, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. 'चौदा म्हणजे चौदा' यात ही एक सवलत मी आनंदाने घालेन. बाकी मत कायम आहे.

शून्यांश
जगभर एकच मर्यादा असलेल्या स्पर्धांकडेही पाहावे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये दुसऱ्या प्रश्नपत्रिकेच्या दिवशी वय वीस वर्षांपेक्षा कमी असावे लागते, संगणकशास्त्राच्या ऑलिम्पियाडमध्ये १ जुलैला विसाहून अधिक असून चालत नाही. तरी त्यांचे केवळ वयावर भागलेले नाही. गणितात विद्यापीठात प्रवेश घेतलेला नसावा अशीही अट आहे, कारण काही देशांत सतराव्या वर्षी मुले विद्यापीठात असतात आणि काही देशांत एकोणिसाव्या वर्षीही शाळेत. म्हणजे आकडा एक केला तरी शिक्षणपद्धतींतील फरक दुसऱ्या दाराने आत येतोच. शिवाय तिथे सगळे जवळपास शाळेच्या शेवटाला आलेले असतात. अठरा आणि वीस यांत जेवढे अंतर आहे, त्याच्या कितीतरी पट दहा आणि बारा यांत असते.

अक्षांश
कॅनडातील आइस हॉकीविषयीचे १९८५ चे संशोधन इथे आठवते. वयोगटाची तारीख १ जानेवारी होती आणि वरच्या पातळीवरील खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण ठळकपणे अधिक निघाले, कारण लहानपणी त्याच गटात तीच मुले थोडी मोठी असत, निवडली जात आणि त्यांनाच अधिक सराव मिळे. काही महिन्यांच्या फरकाने तिथे एवढे घडत असेल, तर आठ वयांच्या पट्ट्यात सर्वांत जपायला हवीत ती नऊ वर्षांची मुले. समोरच्या संघातील सोळा वर्षांच्या मुलापेक्षा त्यांच्याच संघातील सोळा वर्षांचा मुलगा त्यांच्या हातून संगणक काढून घेण्याची शक्यता अधिक असते.

चाकोरी
हे वाक्य आमच्या कार्यशाळेच्या भिंतीवर लावावे लागेल. परवानगी आहे ना?

अक्षांश
आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या उंचीला लावू नका, नऊ वर्षांच्या मुलाला दिसेल असे लावा.

गियरबॉक्स
सर्वांच्या प्रतिसादांबद्दल आभार. चर्चा वाचून संघाची पुन्हा बैठक घेतली आणि या खेपेस पालकांआधी मुलांना विचारले. दोन्ही मुली आंतरराष्ट्रीय स्पर्धेला येणार आहेत. निळासर यांनी म्हटल्याप्रमाणे पात्रता सगळ्यांनी मिळून मिळवली आहे आणि आमच्या प्रदेशाचा नियम आम्ही ठरवलेला नाही. मात्र प्रोग्रॅममधील एकही भाग असा राहणार नाही, जो फक्त त्या दोघींनाच समजावून सांगता येतो. परीक्षकांच्या खोलीतील सराव या आठवड्यापासून त्यांना वगळून सुरू केला आहे. पहिला सराव फार वाईट झाला. सेन्सरविषयी विचारले, तेव्हा आमच्या धाकट्या सदस्याने तो निळा आहे एवढेच सांगितले.

कडबोळे यांचे मत मला पूर्ण पटले नाही, तरी माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच सापडले. एकत्रित स्पर्धेत मुलांना वगळण्याऐवजी प्रत्येक संघाच्या माहितीपत्रकावर त्याची प्रादेशिक मर्यादा छापावी, असे मी आयोजकांना लिहिले आहे. परीक्षकांना आपण कोणत्या वयाच्या मुलांशी बोलतो आहोत हे तरी कळेल.

आता निळासर यांच्यासाठी एक प्रश्न. दोघींपैकी एकीला पुढल्या हंगामात टेक चॅलेंजचा संघ उभा करायचा आहे. आमच्या भागात ती स्पर्धा नुकतीच येऊ घातली आहे. सुरुवात कुठून करावी?

निळासर
प्रथम तिला सांगा की हा मोठा लेगो नव्हे. सुरुवातीला रोबोट १८ इंचांच्या घनात बसावा लागतो, मैदान १२ फूट बाय १२ फुटांचे असते आणि तुमच्या बरोबरीने दुसरा एक संघ खेळत असतो, जो कधी कधी तुमच्याच रोबोटला धडकतो. पहिली ३० सेकंदे रोबोट स्वतः चालतो, त्यानंतर दोन मिनिटे मुलांच्या हातात नियंत्रक असतात. लेगोत वाढलेली मुले पहिल्या भागात चमकतात आणि दुसऱ्यात गोंधळतात, तेव्हा चालकांचा सराव लवकर सुरू करावा. संघात पंधरा जणांपर्यंत घेता येतात, पण पहिल्या वर्षी सहा-सात जण पुरे. खालची मर्यादा बाराची असल्याने तुमच्या सध्याच्या संघातीलही काही जण तिच्याबरोबर जाऊ शकतील, फक्त सगळेच गेले तर चॅलेंजचा संघ रिकामा होईल, ते सांभाळा.

गियरबॉक्स
प्रोग्रॅमिंग जावात करावे लागते का? ती त्यालाच घाबरते आहे.

निळासर
ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याची सोयही आहे. पहिला हंगाम त्यावर आरामात निघतो. जावा नंतर शिकता येईल, तिच्याजवळ अजून अठरापर्यंतचा वेळ आहे.